जुनी होडी घेताना आधी मागची फळी बघा

मासेमारीसाठी जुनी अठरा फुटी फायबरची होडी इंजिनासकट स्वस्तात मिळतेय, पहिलीच आहे, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. घ्या, पण ताज्या रंगाला भुलू नका. इंजिन टांगतात ती मागची फळी ठोकून बघा. फायबरच्या आत बऱ्याचदा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी मुरलं की ते आतल्या आत कुजतं आणि आवाज बद्द येतो. अशी होडी फुकटातही नको! इंजिन थंड असताना, तुमच्यासमोर सुरू करायला लावा. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार त्यातून नीट बाहेर पडायला हवी.

पैसे देण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाकडची नोंदणी आणि परवाना तपासा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, हे धरूनच हिशेब करा.

आणि कळकळीने सांगतो, पहिला हंगाम खाडीतच काढा. ओहोटीचं पाणी बाहेर धावतंय आणि समोरून वारा आहे, अशा वेळी खाडीच्या मुखाशी लाटा उभ्या राहतात, तिथे लहान होडी उलटते. लाइफ जॅकेट अंगावरच हवं. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक घरच्यांकडेही देऊन ठेवा.