वेंगुर्ल्याचे घर विकण्याआधी

वेंगुर्ल्याचे वडिलोपार्जित घर तिघा भावांच्या सह्या घेऊन लगेच विकून टाकावे, हा तुम्हाला मिळालेला सल्ला मला धोक्याचा वाटतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींनाही मुलांइतकाच हक्क मिळाला आहे. तेव्हा खानापूर आणि निपाणीला दिलेल्या तुमच्या बहिणींची नावे सातबाऱ्यावर चढलेली नसली, तरी त्यांना वगळून केलेले खरेदीखत उद्या न्यायालयात अडकू शकते.

आमच्या मालवणच्या घराचा व्यवहार आत्याचे नाव वारसनोंदीत घालायचे राहून गेल्यामुळे दोन वर्षे रखडला. त्या नोंदीसाठी लागणारा आजोबांचा मृत्यूदाखला बेळगावचा, म्हणजे कन्नडमध्ये. त्याचे मराठी भाषांतर करून द्यावे लागले. तोवर दोन पावसाळ्यांत कौले न शाकारल्याने माजघरात पाणी गळले, आणि खांबावर आजोबांनी कोळशाने ओढलेल्या आम्हा नातवंडांच्या उंचीच्या रेघा पुसून गेल्या. त्याची हळहळ मला अजून आहे.

घर भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असल्यास किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंधही तपासावेत, कारण गिऱ्हाईक पुनर्बांधणीबद्दल विचारणारच. वारसनोंदीचा अर्ज मात्र आधी द्यावा, किमतीचे बोलणे नंतर करावे.