कॅबिनेटसाठी स्वस्त स्पीकर: वॅटआधी ओहम पाहावेत

आपण गिटार अँपच्या, दोन बारा इंची स्पीकरच्या कॅबिनेटसाठी स्वस्त स्पीकर विचारले आहेत. त्यात बर्डीतून (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून) पीएचे (सभा-समारंभांतील ध्वनिक्षेपणाचे) स्वस्त स्पीकर आणून बसवावेत, ही इथे आधी कुणी केलेली सूचना मला पटत नाही. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने उतरवतो, म्हणूनच त्यावर डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज) भरदार वाटते. पूर्ण पल्ल्याच्या पीए स्पीकरवर तेच कर्कश होते.

बजेट मर्यादित असेल तर सेलेशन कंपनीचा सेव्हन्टी ८० हा गिटार स्पीकर अवश्य विचारात घ्यावा. तो ८० वॅटचा आहे, आणि त्याची ९८ डेसिबलची संवेदनशीलता (ठरावीक शक्तीवर किती मोठा आवाज निघतो ते माप) माझ्या मते वॅटपेक्षा अधिक महत्त्वाची आहे, कारण ३ डेसिबलचा फरक भरून काढायला अँपची शक्ती दुप्पट लागते.

अँपवर किमान ८ ओहम (स्पीकरच्या विद्युत रोधाचे माप) लिहिले असेल, तर १६ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडावेत. ८ ओहमचे दोन तसे जोडल्यास भार ४ ओहमवर येतो आणि अँप जळू शकतो.

आपण नागपुरातच जुना स्पीकर पाहत आहात, तेव्हा तो प्रत्यक्ष तपासूनच घ्यावा. ८ ओहमच्या स्पीकरवर मल्टिमीटर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो. कागदी कोन दोन्ही हातांच्या बोटांनी चोहोबाजूंनी सारखा, अगदी हलका दाबावा. खरखर ऐकू आली तर कोनामागची तारेची कॉइल घासत आहे, असा स्पीकर कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्यावा. जोडणीपूर्वी ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावून दोन्ही कोन एकाच दिशेने सरकतात याची खात्री करावी, अन्यथा खालचे स्वर एकमेकांना मारतात.