ज्यूरीचं पत्र फेकू नका, उत्तर द्या

अमेरिकेत खटल्याचा निकाल द्यायला सामान्य नागरिकांना ज्यूरी म्हणून कोर्टात बोलावतात. त्या बोलावण्याबद्दल ‘समन्स साध्या टपालाने येतं, मिळालंच नाही म्हणायचं आणि फेकून द्यायचं’ हा कुणीतरी दिलेला सल्ला मला अजिबात पटला नाही. कॅलिफोर्नियात वारंवार दाद न देणाऱ्याला 1500 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि अडचण खरी असेल तर लपायची गरजच काय? मला बोलावणं आलं तेव्हा सासूबाई ऑपरेशन होऊन नुकत्याच घरी आल्या होत्या, दिवसभर त्यांच्यापाशी दुसरं कोणी नव्हतं. मी तेवढंच लिहिलं आणि सूट न मागता पुढची तारीख मागितली. चार महिन्यांनंतरची मिळाली. त्या दिवशी गेले, खटल्यासाठी निवड झाली नाही, संध्याकाळी मोकळी. इथे ‘एक दिवस किंवा एक खटला’ अशी पद्धत आहे, म्हणजे निवड झाली नाही तर एका दिवसात सुटका, झाली तर तेवढाच एक खटला, त्यामुळे निदान वर्षभर पुन्हा बोलावत नाहीत. घरच्या आजारी माणसाची काळजी किंवा पैशाची मोठी ओढाताण ही कारणं नियमांतच मान्य आहेत. नुसतं ‘ऑफिसात काम फार आहे’ चालत नाही.

आणखी एक, ग्रीन कार्डवाल्यांसाठी, म्हणजे कायम राहायचा परवाना असलेल्या पण नागरिक नसलेल्यांसाठी. नावं मतदार यादीबरोबर डीएमव्हीच्या (वाहन परवाने देणारं खातं) यादीतूनही घेतात, म्हणून ज्यूरीत बसता न येणाऱ्या, म्हणजे नागरिक नसलेल्यांनाही पत्र येतं. घाबरू नका, पण गप्पही बसू नका. ‘नागरिक नाही’ या रकान्यात खूण करून फॉर्म परत पाठवा. चुकूनही ‘नागरिक आहे’वर खूण करू नका, पुढे नागरिकत्वाचा अर्ज करताना ते फार महागात पडू शकतं.