तांबेऱ्याला टिकणारं सोयाबीन लावलं तरी पानावर ठिपके, बुरशीच्या प्रोटीनचा नेमका काय खेळ असतो?

हातकणंगलेकर:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात बीएस्सी करतोय, मायक्रोबायोलॉजी, घरची शेती हातकणंगले तालुक्यात, ऊस आणि खरिपाला सोयाबीन. ह्या वर्षी पप्पांनी तांबेऱ्याला बऱ्यापैकी टिकतं म्हणून फुले संगम लावलं, बांधाला लागून चुलत्यांचं शेत, तिथं जुनंच जेएस ३३५. सप्टेंबरात ती चिरीचिरी पावसाची झड लागली आणि आता दोन्हीकडं ठिपके दिसायलेत, तेव्हापासून पप्पा म्हणायलेत बियाणं बोगस निघालं, जाऊन दुकानदाराला धरतो. आणि मला वर्गात सरांनी सांगितलंय की बुरशी पानात शिरताना इफेक्टर नावाची प्रोटीनं सोडते आणि झाडाला गप्प करते, पण तीच प्रोटीनं झाडाला कळली तर झाड उलटं सावध होतं. हे डोक्यात बसंना. म्हणजे प्रोटीन बुरशीच्या कामाचं की झाडाच्या? आणि झाड टिकणारं असेल तर मग ठिपका यायलाच नको ना? कुणीतरी नीट समजावून सांगा, पप्पा उद्याच दुकानावर निघालेत.

करवीरचा शेतकरी:
पप्पास्नी दोन दिवस थांबवा आधी. पान उलटं करा, खालच्या बाजूनं बोट फिरवा. बोटाला विटकरी पूड लागली तर तांबेरा. फोड हाय पण पूड काय निघत न्हाई, तर जिवाणूचा फोड्या रोग पण असू शकतोय, तो लांबनं अगदी तसाच दिसतोय आणि लोक त्याच्यावर बुरशीनाशक मारून पैसे घालवत्यात. भिंग असलं तर लईच बरं, तांबेऱ्याच्या पुळीला टोकाला बारकं भोक असतंय. प्रोटीनचं शिकलेली लोकं सांगतील.

पॅथॉलॉजीवाली ताई:
वरचं बरोबर आहे, आधी पान बघ. आता तुझा प्रश्न, जरा लांबतंय.

सोयाबीनच्या तांबेऱ्याची बुरशी म्हणजे फाकोस्पोरा पॅकिरायझी. हिची गंमत अशी की ही जिवंत पेशीवरच जगते, लॅबमधे बशीत वाढवायला गेलं तर वाढत नाही. म्हणजे हिला झाड मारून चालत नाही, झाडाला जिवंत ठेवून आतून खायचं असतं. बीजाणू ओल्या पानावर पडला की अंकुर फुटतो, टोकाला एक फुगवटा तयार होतो आणि तिथून ती थेट पानाच्या वरच्या पेशीत घुसते. बाकीचे बरेचसे तांबेरे पर्णरंध्रातून आत जातात, ही भिंत फोडूनच जाते. आत गेली की पेशीत हॉस्टोरियम नावाचा अवयव रोवते, त्यातून अन्न ओढते आणि इफेक्टर पण मुख्यतः तिथूनच सुटतात.

ही प्रोटीनं करतात काय, तर प्रत्येकाचं काम वेगळं. सगळ्यात नीट समजलेली उदाहरणं टोमॅटोच्या पानावर येणाऱ्या क्लॅडोस्पोरियम फुल्वम बुरशीतली. बुरशीची भिंत कायटिनची असते आणि झाडं कायटिनचे तुकडे ओळखतात, एन्झाइम सोडून ती भिंत फोडतात सुद्धा. तर ह्या बुरशीचं एव्हीआर ४ प्रोटीन आपल्याच भिंतीवरच्या कायटिनला चिकटून बसतं म्हणजे झाडाचं एन्झाइम तिथवर पोचत नाही, आणि ईसीपी ६ नावाचं दुसरं प्रोटीन सुटे झालेले तुकडे झाडाला दिसायच्या आधी गोळा करतं. मक्याच्या काणीत पेप १ आहे, ते झाडाच्या पेरॉक्सिडेज एन्झाइमला अडवतं, त्यामुळं बुरशीवर जो ऑक्सिजनवाला मारा व्हायचा तो होत नाही. आपल्या उसाच्या चाबूक काणीच्या बुरशीत पण पेप १ चा भाऊबंद आहे. सोयाबीन तांबेऱ्यात पीपीईसी २३ म्हणून एक सापडलंय, ते झाडाची पेशी मारायची प्रतिक्रिया दाबतं.

आता ह्याची उलटी बाजू. झाडात काही जनुकं अशी असतात की त्यांचं प्रोटीन बुरशीच्या एखाद्या ठराविक इफेक्टरला ओळखतं. ओळखलं की ती पेशी स्वतःला मारून टाकते. जिवंत पेशीवर जगणाऱ्या बुरशीचं जेवणच बंद. म्हणून तुझं उत्तर, प्रोटीन बुरशीच्याच कामाचं, पण समोर ओळखणारं झाड असलं तर तेच तिच्या अंगलट येतं. हॅरॉल्ड फ्लॉर नावाच्या माणसानं १९४० च्या दशकात अमेरिकेत जवसाच्या तांबेऱ्यावर काम करताना हे मांडलं, झाडातल्या एका जनुकासमोर बुरशीतलं एक जनुक. तेव्हा प्रोटीन कुणी बघितलं पण नव्हतं! बुरशीतलं असं पहिलं जनुक, टोमॅटोवाल्या बुरशीचं एव्हीआर ९, हाताला लागायला १९९१ उजाडलं. ते प्रोटीन फक्त २८ अमिनो आम्लांचं, एवढंसं.

मग ठिपका का? अरे ती मेलेली पेशीच ठिपका म्हणून दिसते. सोयाबीन तांबेऱ्यात ठिपक्याच्या रंगावरून बघतात. फिकट तपकिरी ठिपका आणि त्यावर पुळ्याच पुळ्या, भरपूर पूड, म्हणजे झाडाला काही कळलंच नाही. लालसर तपकिरी, गडद ठिपका आणि पूड नाही किंवा अगदी थोडी, म्हणजे झाडानं ओळखलंय आणि बुरशीला तिथंच कोंडलंय. तुझ्या पप्पांना ठिपके मोजायला लावू नको, दोन्ही शेतातली पानं शेजारी ठेवून रंग आणि पूड बघायला सांग.

हातकणंगलेकर:
ताई लई भारी सांगितलं. आत्ताच बघून आलो. चुलत्यांच्या जेएसच्या पानाला बोट लावलं तर नखापर्यंत विटकरी झालं, खालची पानं पिवळी पडून गळायलेत. आमच्यात ठिपके गडद आहेत, पूड शोधावी लागती पण आहे थोडी, मुख्यतः खालच्या पानांवर. पप्पा जरा गार झालेत, पण म्हणायलेत थोडी तरी का म्हणून.

पॅथॉलॉजीवाली ताई:
थोडी असणारच, हे वाण टिकणारे आहेत, तांबेरा अजिबात येणारच नाही असं कुणी म्हटलेलं नाही. बियाणं बोगस म्हणायला हा पुरावा नाही एवढं नक्की.

दुसरं म्हणजे एकाच जनुकावर उभं असलेलं वाण म्हणजे एकाच डावावर कुस्ती मारणारा पैलवान, समोरचा तो डाव ओळखून आला की आडवा. बुरशीला फार काही करावं लागत नाही, ओळखलं जाणारं प्रोटीन बदललं किंवा टाकून दिलं की झालं. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्यात हे प्रत्यक्ष पकडलंय, एसआर ३५ जनुक ज्या प्रोटीनला ओळखतं त्याच्या जनुकात डीएनएचा एक उडता तुकडा घुसला, प्रोटीन बनायचं बंद, आणि झाडाला बुरशी दिसेनाशी झाली. हे २०१७ ला छापून आलं. आणि एक प्रोटीन गेलं म्हणून बुरशीचं अडत नाही, तिच्याकडं अशी शेकड्यानं असतात. त्यात सोयाबीन तांबेऱ्याच्या जीनोममधे, म्हणजे तिच्या सगळ्या डीएनएत, साधारण ९३ टक्के भाग असल्याच उड्या मारणाऱ्या तुकड्यांचा आहे, म्हणजे बघ.

जयसिंगपूर ॲग्रो:
एवढं सगळं कळलंय तर ते प्रोटीनच बंद पाडणारं औषध का नाही काढत कंपन्या? आम्ही अजून तेच हेक्साकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल विकतोय. आणि काउंटरवर रोज एक जण प्रतिकारशक्तीचं टॉनिक द्या म्हणून येतोय, त्याचं पण सांगा.

पॅथॉलॉजीवाली ताई:
कारण हेच, एक अडवलं तर बाकीची आहेत. तुमची ॲझोलवाली औषधं बुरशीचं एर्गोस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवतात, त्याशिवाय तिची पेशीच धड बनत नाही, म्हणून ती चालतात. पण ब्राझीलमधे तेच तेच फवारून त्या एन्झाइममधे पण बदल झाले आणि औषधाचा जोर कमी झाला, तेव्हा हंगामभर एकाच गटाचं देत बसू नका. टॉनिकचं म्हणाल तर कायटोसान, म्हणजे कायटिनपासूनच बनवलेला पदार्थ, असेल त्यात थोडं तथ्य आहे, झाड त्याला बुरशी आली असं समजून तयारीला लागतं. पूड उडायला लागल्यावर मारून मात्र उपयोग नाही, आणि बाटलीवर घटकच लिहिलेले नसतील तर ती काउंटरवर ठेवूच नका.

जनुकाच्या बाजूनं एक चांगलं काम झालंय, तुरीच्या एका वाणातलं तांबेऱ्याला ओळखणारं जनुक सोयाबीनमधे घातलं आणि ते चाललं, २०१६ ची गोष्ट. जीएम असल्यामुळं आपल्याकडं शेतात यायचा प्रश्न नाही सध्या.

करवीरचा शेतकरी:
तूर व्हय? बांधाला लावतोय की आम्ही दरसाल.

हातकणंगलेकर:
आरएनएचं पण वाचलं होतं कुठंतरी, बुरशीचं जनुक बंद पाडणारा आरएनए फवारायचा म्हणून, ते काय आहे?

पॅथॉलॉजीवाली ताई:
खरं आहे, दुपदरी आरएनए फवारतात, बुरशी तो आत घेते आणि तिचं ते जनुक गप्प होतं. लॅबमधे आणि काचघरात जमलंय. शेतात अडचण अशी की ऊन आणि पावसात तो टिकत नाही, म्हणून मातीच्या बारीक कणांवर चिकटवून फवारायचे प्रयोग चाललेत. सप्टेंबरातल्या आपल्याकडच्या झडीत तो पानावर किती राहील हा वेगळाच विषय. तू सध्या खालच्या पानांवरची पूड वाढतीय का ते बघत राहा, शेंगा भरायच्या टप्प्यात असाल आणि वाढायला लागली तर एक फवारणी घ्या, लेबलवरच्या प्रमाणात, पानाची खालची बाजू भिजली पाहिजे. चुलत्यांना मात्र आजच सांग, त्यांचं थांबण्यासारखं नाही.