मदत हवी आहे: बॉल पायथनची बनाना पिल्लं सगळी नरच का?

नमस्कार मंडळी,

बॉल पायथन या पाळीव अजगराचा बनाना (पिवळसर रंगाचा) नर आणि नॉर्मल (नेहमीच्या रंगाची) मादी अशी जोडी लावली होती. पिल्लं ठणठणीत आहेत, पण पॉपिंग करून (शेपटीचं मूळ हलकं दाबून लिंग तपासून) पाहिलं तर बनाना तेवढे सगळे नर आणि नॉर्मल तेवढ्या सगळ्या माद्या! आधीच्या क्लचमध्ये (अंड्यांच्या खेपेत) मादी दुसरी होती, तरी हेच झालं.

अंडी 31-32 अंशांवर उबवली. कासवांत तापमानावर लिंग ठरतं हे ठाऊक आहे, पण इथे एकाच डब्यात रंगानुसार वाटणी कशी होईल? शिवाय सापांत लिंग गुणसूत्रांनुसार मादी झेड-डब्ल्यू आणि नर झेड-झेड असतो असं वाचलंय. मग नराच्या जनुकाने हा फरक पडायलाच नको ना?

नराचा बाप बनाना, आई नॉर्मल. मला बनाना मादी हवी आहे. याच नरावर थांबू का?

प्रतिसाद १
थांबू नका. हा 'मेल मेकर' नर आहे, म्हणजे याची बनाना पिल्लं बहुतेक नरच निघतात.

झेड-डब्ल्यू नाग, धामण वगैरेंसाठी बरोबर आहे. पण बॉल पायथनमध्ये आपल्यासारखी एक्स-वाय पद्धत आहे, हे 2017 च्या संशोधनात दिसलं. जुने लेख अजून फिरतायत, त्यामुळे गोंधळ होतो. बनानाचं जनुक याच लिंग गुणसूत्रांवर बसतं. तुमच्या नराला ते बापाकडून, म्हणजे वायवर मिळालं. वाय फक्त मुलांना जातो, म्हणून बनाना मुलगे.

नराला तेच जनुक बनाना आईकडून मिळालं असतं तर ते एक्सवर असतं आणि त्याच्या बनाना पिल्लांत बहुतेक माद्या निघाल्या असत्या. तो 'फीमेल मेकर'. तसा नर शोधा, किंवा सरळ बनाना मादी घ्या. तिच्या बनाना पिल्लांत नर-मादी साधारण सारखेच येतात आणि मुलगे फीमेल मेकर निघतात.

धागाकर्ता
आभार! म्हणजे याचे बनाना मुलगेही मेल मेकरच?

प्रतिसाद १
हो, वाय तोच पुढे जातो. क्वचित जनुक वायवरून एक्सवर उडी मारतं, तेव्हा अशा नरालाही बनाना मुलगी होते. म्हणून 'बहुतेक' म्हणायचं, 'सगळे' नाही.

प्रतिसाद २
तशी मुलगी निघालीच तर लगेच हुरळू नका. पॉपिंगमध्ये अंग आखडून धरलेला नर मादीसारखा दिसतो. थोडी मोठी झाल्यावर जाणकाराकडून प्रोबिंग (बारीक सळईने लिंग तपासणं) करून घ्या आणि मगच जोडीचा विचार करा.