बिझनेस इमिग्रेशनची वकिली गोव्यात राहून करता येईल का?

प्रश्न (फोंडा, एलएल.बी. अंतिम वर्ष):
नमस्कार. कंपन्यांसाठी परदेशी कर्मचाऱ्यांच्या व्हिसाचे काम पाहणारी वकील व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. कूळ-मुंडकारांचे (मुंडकार म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारा) दावे चालवण्यात आयुष्य घालवलेले माझे मामा मात्र हे वकिलाचे नव्हे, एजंटाचे काम असल्याचे म्हणतात. गोव्यात राहून यात उभे राहता येते का, आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर (वकील, पणजी):
मामांची शंका रास्त आहे, कारण आपल्याकडे बराच काळ अशी कामे एजंटांकडेच जात आली आहेत. पोर्तुगीज पासपोर्ट काढून बसलेले काहीजण माझ्याकडे येतात, तेव्हा परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

कंपन्यांचे काम मुख्यतः एम्प्लॉयमेंट व्हिसाचे असते. त्यासाठी वार्षिक पगार १६.२५ लाख रुपयांहून अधिक असावा लागतो. मात्र स्वतःच्या देशाचे पदार्थ बनवणारे परदेशी आचारी आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषांचे शिक्षक यांना त्यातून सूट आहे. थाई स्वयंपाकासाठी बोलावलेल्या एका आचाऱ्याच्या नेमणूकपत्रावर, भारदस्त दिसावे म्हणून, मालकांनी ‘किचन मॅनेजर’ असे लिहिले होते. त्या दोन शब्दांनी त्याची सूट जात होती आणि ठरलेला पगार मर्यादेच्या बराच खाली होता. केवळ पदनाम बदलणे हा उपाय नव्हे. मी त्या स्वयंपाकघरात गेलो, हा माणूस दिवसभर काय करणार आहे ते मालकांकडून समजून घेतले, तो खरोखर चुलीपुढेच उभा राहणार याची खात्री झाल्यावरच पत्र नव्याने लिहून घेतले. हे एजंट करत नाही. परदेशी नागरिकांविषयीच्या १९४६ च्या फॉरेनर्स अ‍ॅक्टच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५ लागू झाला आहे, तेव्हा जुन्या नोट्सवर विसंबू नका.

उत्तर (मूळची म्हापशाची, सध्या न्यू जर्सी):
मी एलएल.एम.नंतर न्यूयॉर्कची बार परीक्षा दिली. अमेरिकेत इमिग्रेशन हा संघराज्याचा विषय असल्यामुळे एका राज्याची सनद मिळाली की या क्षेत्राचे काम देशभर करता येते. एच-१बी या कुशल परदेशी कर्मचाऱ्यांच्या अमेरिकन व्हिसासाठी दरवर्षी ६५,००० जागा आणि तिथल्या उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० असतात; मार्चमध्ये नोंदणी करून निवडीची वाट पाहणाऱ्या उमेदवाराचे फोन रात्री-अपरात्री येतात आणि ते उचलावेच लागतात. सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकला, तेव्हा कित्येक कंपन्यांना आधी दिलेला सल्ला नव्याने द्यावा लागला. बदलत्या नियमांचा कंटाळा येणाऱ्याने या वाटेला येऊ नये.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. सनद मिळाल्यावर थेट इमिग्रेशनचेच काम शोधावे का?

उत्तर (वकील, पणजी):
आधी दोनेक वर्षे मामांच्याच हाताखाली काढा. दाव्यातला प्रत्येक कागद तारीखवार लावण्याची त्यांची सवय तुम्हाला व्हिसाच्या फाइलीत रोज उपयोगी पडेल.