गच्चीवरचा टॉवर आणि १२०२ ची झोप

(नेरुळ, सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

देशपांडे काकू १२०२: शुभ सकाळ. म्हणजे ज्यांना झोप लागली त्यांना. काल पुन्हा दोनला जाग, ती साडेचारपर्यंत. गच्चीवर मोबाईल टॉवर बसल्यापासून हेच चाललंय. एजीएमला मी एकटीच नको म्हणत होते, मिनिट्समध्ये आहे. रेडिएशन थेट आमच्या डोक्यावर.

सुर्वे ४०३: टॉवरचं भाडं महिन्याला किती येतं? हिशेब ग्रुपवर टाकावा.

पाटील सेक्रेटरी: काकू, नमस्कार. तुमचा त्रास समजतो. पण त्याच भाड्यातून लिफ्टचे दोर बदलले, हेही सर्वांनी ध्यानात घ्यावं.

नाईक वहिनी ८०१: काकू, मोबाईल उशाशी ठेवू नका. आमचे हे म्हणतात लहरी मेंदूत जातात.

ओंकार ६०२: काकू, काल २:४० ला माझ्या स्टेटसला हार्ट कोणी दिलं? 😀

देशपांडे काकू १२०२: जाग आल्यावर माणूस छताकडे बघत पडणार का? आणि स्टेटस २:३५ चं होतं. आईला माहीत आहे?

ओंकारची आई ६०२: नव्हतं. आता झालं.

साने काका ३०१: थोडं मोठं लिहितो, वाचावं. बीएआरसीत आयुष्य गेलं, म्हणून बोलतो. अँटेनाचा झोत आडवा, लांब जातो. बरोब्बर खालच्या घरात फार थोडा पोचतो. २०१२ मध्ये आपल्याकडे टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. फोनची मर्यादा शरीराच्या किलोमागे १.६ वॅट, *#०७# डायल केलं की बऱ्याच फोनवर आकडा दिसतो. प्रयोगशाळेत झोपलेल्यांवर फोनच्या लहरी सोडून मेंदूचे आलेख काढलेत. काहींत मेंदूच्या लहरींच्या ११ ते १५ हर्ट्झच्या पट्ट्यात किंचित फरक दिसला, पण त्याने झोप मोडते असं ठरलेलं नाही. झोप खातो तो पडद्याचा निळा उजेड, झोप आणणारं मेलाटोनिन दाबतो. आणि अर्थात त्यावर जे बघतो ते.

देशपांडे काकू १२०२: साने, तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे.

नाईक वहिनी ८०१: पण डब्ल्यूएचओने कॅन्सरच्या यादीत घातलंय ना?

साने काका ३०१: २०११ ला, २ब गटात. म्हणजे 'कदाचित'. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आणि आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्याही आहेत. आणि विषय झोपेचा चालू आहे, वहिनी.

ओंकार ६०२: म्हणजे काकूंचं कैरीचं लोणचं बंद?

देशपांडे काकू १२०२: तुला तर नक्कीच बंद.

सुर्वे ४०३: पुन्हा विचारतो. टॉवरचं भाडं महिन्याला किती येतं?

पाटील सेक्रेटरी: सुर्वे साहेब, ऑडिट चालू आहे. दर रविवारी तेच.

कुलकर्णी १२०१: मधे बोलतो, माफ करा. झोप माझीही उडालीय, पण लहरींनी नाही. गच्चीवर टॉवरचं जे लोखंडी कपाट आहे ना, त्याचा पंखा. दिवसा पामबीच रोडच्या गाड्यांत कळत नाही. रात्री टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला की पाण्यावर बारीक वलयं उठतात. भिंतीला कान लावा, घुंऽऽऽ.

देशपांडे काकू १२०२: अगंबाई! ते घुंघुं? मी समजत होते माझ्याच कानात आहे. कानाच्या डॉक्टरकडेसुद्धा जाऊन आले.

पाटील सेक्रेटरी: वॉचमनला वर पाठवलं, फोटो टाकतोय. कपाटाचा एक कोपरा विटेवर टेकलाय, खाली रबर नाही.

साने काका ३०१: स्लॅब धरून हादरणारच. जाड रबराचे पॅड घालायला लावा, उद्याच.

देशपांडे काकू १२०२: पॅड घाला. पण रेडिएशनही मोजून घ्या. माझा विश्वास नाही.

साने काका ३०१: दूरसंचार खात्याच्या तरंग संचार पोर्टलवर अर्ज करता येतो. सुरू झालं तेव्हा फी ४,००० रुपये होती, आताची बघावी लागेल.

सुर्वे ४०३: ते कुठल्या हेडमधून जाणार? आधी भाड्याचा हिशेब टाकावा.